पैसे भरून घेतलेल्या फोटोसाठी माझ्या क्लायंटला नोटीस पाठवलीय, ती मागे घ्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी सांगलीत राहते आणि छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवते, एकटीच, घरातूनच काम चालतं. तुमच्या फोटो विकणाऱ्या साइटवरून फोटो विकत घेणारी मी जुनी ग्राहक आहे. तुमच्याकडूनच रीतसर पैसे भरून घेतलेल्या एका फोटोसाठी माझ्या क्लायंटला तुमच्या वसुली एजन्सीने नोटीस पाठवलीय, की विनापरवाना फोटो वापरलात, अठ्ठेचाळीस हजार रुपये भरा नाहीतर कायदेशीर कारवाई करू. चॅटवर सांगून झालं, फॉर्म भरून झाला, कुणी दाद देत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून पाठवतेय.

क्लायंट तासगावचे बेदाणा उत्पादक आहेत, घरचंच शेड आहे, आता ऑनलाइन विक्री सुरू करायची म्हणून वेबसाइट केली. शेड, जाळ्यांवर टाकलेला माल, प्रतवारी करणाऱ्या बायका, हे सगळे फोटो आम्ही तिथे जाऊन सगळ्यांना विचारून काढले, कारण असले फोटो तुमच्याकडे शोधून मिळत नाहीत, 'इंडियन फार्मर' टाकलं की पंजाबातल्या गव्हाच्या शेतातले फोटो येतात. फक्त होमपेजवर शाळेचा डबा खाणारी एक मुलगी हवी होती. आता लहान मुलीचा चेहरा धंद्यासाठी वापरायचा तर तिच्या पालकांची लेखी परवानगी हवी, म्हणजे मॉडेल रिलीज. तुमच्या त्या फोटोखाली रिलीज आहे असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून तो घेतला.

फुकट फोटो का नाही घेतला असं कुणी विचारेल. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे मला माहितीयत, मीसुद्धा वापरते, डोंगर, भाज्या, लाकडी टेबल यासाठी ते उत्तम आहेत. पण तिथे फोटोतल्या माणसाने जाहिरातीसाठी परवानगी दिलीय का याची हमी कुणी घेत नाही. लायसन्सही बदलतात, अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये सीसी झिरो, म्हणजे कुणीही कसाही वापरा असं खुलं लायसन्स, सोडून स्वतःचं लायसन्स आणलं, त्यामुळे कुठला फोटो कधी उतरवला, म्हणजे डाउनलोड केला, याचीही नोंद ठेवावी लागते. विकिमीडिया कॉमन्सवर बहुतेक फोटोंना फोटोग्राफरचं नाव आणि लायसन्स लिहावं लागतं, ते लिहायला माझी काही हरकत नाही, पण होमपेजच्या मोठ्या फोटोवर क्लायंटला ते नको असतं. माझ्या क्लायंटची अख्खी वेबसाइट अठरा हजारांत होते, त्यात तुमच्या प्लॅनचे महिन्याचे अडीच हजार आणि वर १८ टक्के जीएसटी मी स्वतःच्या खिशातून घालत होते ते एवढ्याचसाठी की उद्या कुणी विचारलं तर कागद दाखवता यावा. तुमच्याकडून मी विकत घेत होते ते मुळात हेच, फोटो तर कुठेही मिळतो.

आणि वेळ आली तेव्हा तो कागदच नाहीये. तुमच्या इनव्हॉइसवर फक्त प्लॅनचं नाव आणि रक्कम असते, कुठला फोटो घेतला त्याचा नंबर नसतो. तो नंबर डाउनलोड हिस्ट्रीत असतो, आणि मी प्लॅन बंद केल्यापासून ते पान उघडतच नाही, आधी प्लॅन पुन्हा चालू करा असा मेसेज येतो. म्हणजे मी पैसे भरले होते याचा पुरावा बघायला मी परत पैसे भरायचे? तुमच्याच लायसन्समध्ये लिहिलंय की प्लॅन चालू असताना उतरवलेला फोटो प्लॅन संपल्यावरही वापरता येतो आणि डिझायनरला तो क्लायंटच्या कामात वापरता येतो. मग त्या हक्काची नोंद तरी माझ्या हातात राहू द्या.

नोटीस कशी निघाली असेल त्याचा अंदाज मला आहे. सॉफ्टवेअर इंटरनेटभर फिरून जुळणारे फोटो शोधतं, डोमेन क्लायंटच्या नावावर, लायसन्स माझ्या नावावर, दोन्ही नावं जुळली नाहीत की पत्र जातं. पण पत्र पाठवायच्या आधी एखाद्या माणसाने साधा एक ईमेल करून विचारायला काय हरकत होती, की हा फोटो तुम्हाला कुणी दिला? साइटच्या तळाशी माझं नाव आणि लिंक आहे. माझे क्लायंट, ते दादा, साठीच्या पुढचे आहेत, मार्केट यार्डात आयुष्यभर उधारीवर आणि शब्दावर व्यवहार केलेला माणूस, ते इंग्रजी पत्र मुलाकडून वाचून घेऊन त्यांनी मला फोन केला, "ताई, आपण कुणाचं काही चोरलंय का?" मला उत्तर माहीत होतं, पण दाखवायला काही नव्हतं. त्यांनी साइट बंद ठेवायला सांगितलीय, आणि ऑर्डरी दिवाळीच्या आधीच येतात.

त्यानंतर नुसती टोलवाटोलवी चाललीय. तुमचा सपोर्ट म्हणतो एजन्सीशी बोला, एजन्सी म्हणते लायसन्सचा पुरावा कंपनीकडून आणा, तुमच्याकडे परत आलं की चॅटबॉट मला प्लॅनचे दर सांगतो. एजन्सीच्या ईमेलमध्ये तर लवकर भरलंत तर रक्कम कमी करू असंही लिहिलंय. घाबरून भरणारे लोक असणारच. अमेरिकेत २०१५ साली कॅरोल हायस्मिथ या फोटोग्राफर बाईंना असंच पत्र गेलं होतं, त्यांनी स्वतः काढलेला, लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत सगळ्यांसाठी खुला केलेला फोटो त्यांच्याच संस्थेच्या साइटवर लावला म्हणून १२० डॉलर मागितले होते. त्या कोर्टात जाऊ शकल्या. तासगावच्या शेतकऱ्याने कुठे जायचं?

प्लॅनबद्दलही लिहिते. मी घेताना मोठ्या अक्षरात दरमहा असा दर दिसत होता, बटण दाबताना कुठेही ठळकपणे लिहिलेलं नव्हतं की हा वर्षाचा करार आहे आणि पैसे फक्त हप्त्याने कापले जातात. बंद करायला गेले तेव्हा उरलेल्या महिन्यांच्या निम्मी रक्कम रद्द करण्याची फी म्हणून कापली. डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणारी वेबसाइटची मांडणी, याबद्दल केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. शिवाय शोधताना एडिटोरियल, म्हणजे फक्त बातमी-लेखांसाठीचे, आणि कमर्शियल, म्हणजे जाहिरातीला चालणारे, फोटो तुम्ही एकत्र दाखवता. वारीचे, गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो बहुतेक एडिटोरियल असतात, ते धंद्याच्या साइटवर चालत नाहीत, नियम बरोबरच आहे, त्या माणसांना कुणी विचारलेलं नसतं. पण ते लघुचित्रावरच दिसू दे ना, क्लायंटने पसंत केलेला फोटो नंतर नाही म्हणून सांगावा लागतो आणि त्यांना वाटतं मीच टाळाटाळ करतेय.

तर मला हे हवंय. क्लायंटला लेखी कळवा की नोटीस चुकीची होती आणि मागे घेतली आहे, इंग्रजीत आणि मराठीतही, कारण ते पत्र त्यांना स्वतः वाचता आलं पाहिजे. मी आजवर उतरवलेल्या प्रत्येक फोटोचा नंबर, तारीख आणि लायसन्सचा प्रकार असलेलं सर्टिफिकेट द्या, ते नुसतं या एका फोटोचं नको, माझ्या बाकीच्या क्लायंटनाही उद्या हेच पत्र येऊ शकतं. डाउनलोड हिस्ट्री प्लॅन नसतानाही उघडी ठेवा. आणि रद्द करण्याची कापलेली फी परत करा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं, भारतातल्या ग्राहकांना सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू आहेत. मी धंद्यासाठी घेते म्हणून ग्राहक नाही असं उत्तर देऊ नका, मी एकटीच स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी ही सेवा घेत होते. मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

सोबत नोटिशीची प्रत, त्या महिन्याचा इनव्हॉइस, बँकेचा एसएमएस, चॅटचे स्क्रीनशॉट आणि फोटो उतरवला तेव्हा आलेला तुमचा ईमेल जोडलाय, त्यात फोटोचा नंबर आहे, तो मला जुन्या मेलमध्ये शोधून सापडला. नोटिशीतला नंबर आणि हा नंबर एकच आहे, ताडून बघा. उत्तर ईमेलवरच द्या आणि क्लायंटलाही सीसी करा.

तुमची ग्राहक,
सांगली