फळ्यावरच्या त्या दोन प्रश्नांसाठी

मॅडम,

नमस्कार. डेटाबेस मायग्रेशनचा, म्हणजे साठवलेल्या माहितीची रचना बदलतानाचा, तो घोळ निस्तरला त्या रात्री तुमचे आभार मानायचे राहून गेले. आज सगळ्यांसमोर मानते, कारण तुम्ही शिकवलंत ते आमच्या टीमपुरतं राहू नये असं मनापासून वाटतं.

कोडमधले बदल तपासायची आमची आधीची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. बटणावरचा एक शब्द बदलायचा तरी फॉर्म, तपासणी चालवणारा मॉडरेटर, चार जणांची मीटिंग, फेरतपासणी. कंटाळून आम्ही ते सगळंच मोडीत काढलं. मग पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल कोडमध्ये घ्यायच्या विनंतीवर, कुणीतरी नजर फिरवायचं आणि तो मर्ज करायचं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायचं. मायग्रेशनही तसंच गेलं आणि वापरातला कॉलम उडाला. बॅकअप होता, पण त्यानंतरच्या नोंदी लॉगमधून एकेक करून जुळवाव्या लागल्या.

तुम्ही दुसऱ्या टीमच्या, तरी आमच्यासोबत बसलात. चूक कुणाची, हे एकदाही विचारलं नाहीत. फळ्यावर दोनच प्रश्न लिहिलेत: बिघडलं तर मागे फिरता येईल का? आणि बिघडलंय हे किती लवकर कळेल? त्या महिन्यातले बदल या प्रश्नांना लावून पाहिले, तर बहुतेकांना हलकी तपासणी पुरेशी होती. जड तपासणी लागणारे मोजकेच उरले: मायग्रेशन, पैशांचे हिशोब, परवानग्या.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते मीटिंगबद्दलचं तुमचं बोलणं. मायकेल फेगन यांनी आयबीएममधली तपासणीची पद्धत १९७६ साली लेखातून मांडली, तेव्हा संगणकाचा वेळ महाग होता. कागदावर चूक पकडणं परवडायचं. पुढे १९९३ मध्ये लॉरेन्स व्होटा यांनी दाखवलं की बहुतेक दोष मीटिंगआधी एकट्याने केलेल्या वाचनातच सापडतात, मीटिंगमध्ये नवे फार थोडे. हे ऐकून मी गप्पच झाले. आमच्या मीटिंगला निम्मे लोक कोड न वाचताच यायचे. म्हणजे जड पद्धत पाळतानाही तिचं सत्त्व आमच्याकडे नव्हतं, आणि ती टाकल्यावर तर वाचणंच संपलं.

आता जोखमीचा बदल दोघं जण वेगवेगळे, चेकलिस्ट घेऊन, ओळ न ओळ वाचतात. शेरे जुळले नाहीत तरच भेटतात. बाकीच्याला ऑटोमेटेड टेस्ट आणि एक वाचणारा. बदल मात्र छोटा हवा, नाहीतर वाचणारा दमतो आणि नुसतीच मान डोलावतो.

एका बाबतीत माझं मत अजून थोडं वेगळं आहे. सॉफ्टवेअरच्या आर्किटेक्चरच्या, म्हणजे एकूण रचनेच्या, मूल्यमापनात, एटीएएमसारख्या (आर्किटेक्चर ट्रेडऑफ ॲनालिसिस मेथड) कित्येक दिवस चालणाऱ्या पद्धतीत, एकत्र बसणं हेच खरं काम असतं. वेग हवा असणारा आणि सुरक्षितता हवी असणारा एकमेकांचं ऐकतात ते तिथेच. ती मीटिंग मी कापणार नाही. यावर तुमच्याशी बोलायचंय.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक मायग्रेशन होतं. दुसऱ्या वाचणाऱ्याने लिहिलं, "हा कॉलम रात्रीचा रिपोर्ट अजून वाचतो. आधी तो बदला." नोकरीला लागून तिला तीनच महिने झालेत. तो शेरा वाचला आणि आधी तुमची आठवण आली.

तुमची कृतज्ञ,
त्या रात्री फळ्यासमोर बसलेली एक जण