नाखवा, तुमच्या धुतलेल्या हातांना

नाखवा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या मोबाईलवर येईल तेव्हा तुमची लेक ते वाचून दाखवेल. तिला सांगा, भरभर वाचू नकोस. बाईंनी सावकाश लिहिलं आहे.

काल, वादळापासून अकराव्या दिवशी, संध्याकाळी लाईट आली. माशांच्या टाकीतला पंप गुरगुरला आणि मी तिथेच स्टुलावर बसून रडले. पोफळी आडव्या झाल्या, न्हाणीघरावरची कौलं गेली, तेव्हा रडले नव्हते. तीन फुटी काचेच्या पेटीसाठी रडले. हसा हवं तर. मात्र तुम्ही हसणार नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

टाकी माझ्या मुलाची. तो टाळेबंदीमुळे पुण्यात अडकला आणि मार्चपासून ती माझ्या गळ्यात पडली. दोन क्लाउनफिश, एक समुद्रफूल (नावाला फूल, पण तोही जीवच), एक झिंगा, थोडी प्रवाळं. गोड्या पाण्यातल्या माशांसारखं हे प्रकरण नसतं. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. पंप पाणी ढवळत असतो म्हणून निभतं. दगडांमधले जिवाणू माशांची घाण पचवतात, त्यांनाही वाहतं पाणी लागतं. ते मेले की पाण्यात अमोनिया साठतो. मुलाने फोनवर बजावलं होतं, "आई, मासे अंधाराने मरत नाहीत, गुदमरून मरतात. लाईट गेली तर खायला घालू नकोस, फक्त पाणी हलतं ठेव." बुधवारी, ३ जून २०२० ला, दुपारी निसर्ग वादळ आपल्या अंगावरून गेलं. लाईट गेली, पाठोपाठ रेंज गेली. मुलाचं ते वाक्य तेवढं राहिलं.

इन्व्हर्टर विकणाऱ्याने आठ तासांची खात्री दिली होती. दीड तासात तो कुंईकुंई करत बंद पडला. सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप होता, त्याचे सेल शुक्रवारी सकाळी संपले. दुकानं बंद, रस्त्यावर झाडं. त्या दिवशी वटपौर्णिमा, आणि आमच्या आळीत पूजायला उभा वड नव्हता. मी तांब्या घेतला. टाकीतलं पाणी भरायचं, हातभर वरून परत टाकीत ओतायचं. शंभर वेळा ओतायचं, थोडं थांबायचं, पुन्हा शंभर. दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडं उघडझाप करत होते. समुद्रफूल तर पिळून टाकलेल्या फडक्यासारखं झालं होतं.

येणारेजाणारे डोकावत. "बाई, कालवण करून टाका." "समोर समुद्र आहे, सोडून द्या की." ही जात आपल्या गढूळ किनाऱ्याची नाही, हे कुणाकुणाला सांगणार? आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटत होती. लोकांची छपरं उडाली आणि मी माशांना वारा घालत बसले होते.

तुम्ही आलात ते वाटेवरची पोफळ तोडायला कोयता मागायला. तोंडाला गमछा, अंगावर दोन दिवसांचा चिखल. दारातून एकदा माझ्याकडे पाहिलंत, एकदा टाकीकडे. "सरा बाई, हात भरला असंल तुमचा." मी तांब्या पुढे केला. तुम्ही घेतला नाहीत. स्वतःचे पंजे उलटेसुलटे करून पाहिलेत आणि मागल्या दारी विहिरीवर गेलात. मला वाटलं, पाणी प्यायला गेलात.

मी खिडकीतून बघत होते. पोहरा वर काढलात. नारळाच्या सोडणाचा तुकडा उचललात आणि वाळू घेऊन हात घासायला लागलात. नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून, पार कोपरापर्यंत. मग हात नाकाशी नेऊन वास घेतलात. मान हलवून पुन्हा घासलेत. असं तीनदा. मी साबणाची वडी दाखवली तर म्हणालात, "साबन नको बाई, त्यानं पन मरतील. हाताला डिझेल हाय माझ्या. शेवंड जित्ती न्यायची असली की आमी डिझेलचा हात लावत नाय."

नाखवा, ही टाकी बसवायला शहरातून दुकानदाराचा माणूस आला होता. अंगाला सेंट फवारलेला. पैसे मोजून घेतले आणि घड्याळासकट हात पाण्यात बुडवला. त्याच दुकानाला मी चौथ्या दिवशी टेकडीवर चढून, रेंज शोधून फोन लावला. उत्तर मिळालं, "मॅडम, आता काही वाचणार नाही. लाईट आली की नवीन सेटअप देऊ, डिस्काउंटमध्ये." ज्याचा धंदा मासे जगवण्याचा, तो असं बोलला. ज्याचा धंदा मासे मारण्याचा, तो आमच्या विहिरीवर हात घासत होता.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. होडीची बॅटरी खांद्यावरून आणलीत, आणि खाडीतल्या होडीचं इंजिन चालवून ती पुन्हा पुन्हा भरून दिलीत. आठ दिवस ती एवढासा पंप ओढत राहिली. तुमच्या घरावर पत्रे नाहीत, ताडपत्री आहे, हे मला पाचव्या दिवशी दुसऱ्याकडून कळलं. मी ओशाळून विचारलं तर म्हणालात, "पत्रे काय आज मिलत नाय. नुसता बसून काय करू?" जसं काही वेळ जात नव्हता म्हणून येत होतात!

बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमन मंडळींचेही आभार मानायला हवेत. भर पावसात खांबावर चढणारी ती पोरं कुणाची कोण. चांगली माणसं असतात हो, नाखवा. ती आपण होऊन सांगत येत नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

झिंगा गेला. प्रवाळातली निम्मी पांढरी पडली. पण दोन्ही मासे आहेत आणि समुद्रफूल आज सकाळी उघडलं. पूर्ण नाही, पण उघडलं. मोठा मासा त्यात घुसून बसला आहे. मुलाला व्हिडिओ पाठवला तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

बॅटरी पडवीत पुसून ठेवली आहे. डिझेलचे पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून ते तुमच्या लेकीच्या वह्यापुस्तकांच्या नावाने बाजूला काढले आहेत. त्यावर वाद नको, मी बाई आहे. येत्या रविवारी जेवायला या, सगळ्यांना घेऊन. ते सोडण मी फेकलेलं नाही, विहिरीच्या कठड्यावर तसंच आहे. हात धुवायला लागेल.

तुमची,
बाई