स्पितीला जाताना आधी ताबो, मग की

संपादक महोदय,

‘स्पितीचे बौद्ध मठ, सहा दिवस, मनाली ते मनाली’ अशा सहलींच्या जाहिराती उन्हाळी सुटी आली की नाशिकमध्ये झळकू लागतात. या सहलींची आखणीच उलटी आहे. मे महिन्यात मनाली आणि हिमाचलातले स्पिती खोरे यांमधली कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर) बहुधा बर्फाने बंद असते. अटल बोगद्यामुळे आधीची रोहतांग खिंड टळते, कुंझुम टळत नाही.

खिंड उघडली तरी अडचण राहतेच. नाशिक जेमतेम ६०० मीटरवर, मनाली २,०५०. तिथून एका दिवसात ३,६०० मीटरच्या वरच्या काझात, स्पितीच्या मुख्य गावात, मुक्काम आणि दुसऱ्या सकाळी थेट ४,१६६ मीटरवरचा की मठ! डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही; हा उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास, पण दोष मात्र ‘बाहेरच्या खाण्याला’ दिला जातो. त्रास वाढला तर खाली उतरणे हाच उपाय. पण मनालीकडे परतायचे तर आधी कुंझुम चढावी लागते. शिमल्याकडच्या किन्नौरच्या बाजूला हा पेच नाही, नाकोजवळचा चढ सोडला तर काझाहून रस्ता उतरत जातो.

म्हणून शिमल्याकडून जावे. नारकंडा, मग कल्पा (२,९६० मीटर) इथे दोन रात्री, नंतर ताबो (३,२८०), मग काझा. की मठ आणि त्याहून उंचावरचे कोमिक गाव शेवटी. येण्याजाण्यासह दहा-अकरा दिवस धरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास आवर्जून सांगावे. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळू नये. भारतीयांना परवाना लागत नाही, आधारकार्ड मात्र हाताशी असू द्या. रोख रक्कमही न्या, काझाच्या एटीएमचा भरवसा नाही.

ताबोसाठी निदान अर्धा दिवस हवा. मठ इ. स. ९९६ चा. आपली त्रिरश्मी लेणी (पांडवलेणी) कातळातली, इथे सगळे मातीचे: भिंती मातीच्या, त्यांवरचा गिलावा मातीचा, त्यावर चित्रे. मुख्य मंदिरात मधोमध चतुर्मुख वैरोचन बुद्ध, भोवती भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती. गाभाऱ्यामागच्या अरुंद प्रदक्षिणा मार्गात पाठीवरची सॅक भिंतीला घासते आणि हजार वर्षांचा रंग पट्ट्याला लागून येतो. सॅक बाहेरच ठेवा. आत फोटोला मनाई आहे. अंधार असतो, पण मोबाइलच्या झगझगीत दिव्यापेक्षा मंद टॉर्च पुरे; डोळे सरावायला पाच मिनिटे द्या. दार बंद दिसले तर माघारी फिरू नका, किल्ली एखाद्या लामांकडे असते, विचारावे. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवी घालून. लामांच्या बसण्याच्या गाद्यांवर टेकू नये, हे मात्र आपल्याकडच्या मंडळींना सांगावे लागते.

सहल कंपन्यांना एकच विनंती. हॉटेल किती तारांकित हे पत्रकात छापता, तसे प्रत्येक मुक्कामाच्या गावाची उंचीही छापा.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक