भोसरीच्या फायबरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गाडीची बॉडी पूर्ण झाली तेव्हाच टीममध्ये ठरलं, पहिलं पत्र काकांना. तोंडावर आभार मानले की तुम्ही 'असू दे रे' म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

शेल इको-मॅरेथॉन म्हणजे कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर कापायची स्पर्धा. तिच्या प्रोटोटाइप गटात ड्रायव्हर वगळून गाडीला 140 किलोची मुभा आहे, पण जिंकायला निघालेलं कुणी तेवढं वजन वापरत नाही. झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मुलांची पॅक-कार 2 तीस किलोच्या आसपास होती. 2005 साली ती हायड्रोजनवर, लिटरभर पेट्रोलइतक्या ऊर्जेत 5,385 किलोमीटरच्या हिशेबाने धावली. तिचा फोटो आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. तसला आकार कॉम्प्युटरवर आम्हाला काढता येत होता. तो हाताने कसा उतरवायचा, हे तुमच्या शेडमध्ये शिकलो.

पहिल्याच दिवशी तुम्ही थर्मोकोलच्या तुकड्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतलंत. बघता बघता त्यात खड्डा पडला. 'यातलं स्टायरीन थर्मोकोल खातं. फोम ठेवायचा असेल तर इपॉक्सी घ्या.' मग फायबरच्या कापडावर ब्रश कसा दाबायचा ते दाखवलंत. ताकद कापडाच्या धाग्यात असते, जादा रेझिन म्हणजे नुसतं वजन. म्हणूनच पिशवी लावून व्हॅक्यूम ओढायचा आणि फाजील रेझिन शोषून घ्यायचं. दोन पातळ थरांमध्ये फोम घातला की पत्रा वाकत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही तो पॅनेल गुडघ्यावर ठेवून दाबायला लावलात तेव्हा ते पटलं.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते शेपटीचं काम. हवा नाकापेक्षा शेपटीपाशी जास्त छळते. उतार घाईने संपवला की प्रवाह सुटतो, मागे भोवरे होतात आणि गाडी मागे ओढली जाते. साच्याला लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून आम्ही 'झालं' म्हटलं. तुम्ही डोळे मिटून तळवा फिरवलात आणि एका जागी थांबलात. 'इथं पोट आलंय.' पट्टी लावली, खरंच होतं. पुढे चाचणीत बॉडीवर लोकरीचे धागे चिकटवले, तेव्हा त्या जागचे धागे शेवटपर्यंत सपाट राहिले, म्हणजे प्रवाह सुटला नाही. ते श्रेय तुमच्या तळव्याचं.

आणि हे सगळं गणपतीच्या तोंडावर! मंडळांच्या देखाव्यांची कामं अंगावर असताना तुम्ही अर्धी शेड आम्हाला दिलीत, पैसे मालापुरतेच घेतलेत. रात्री उशीर झाला की काकूंचा डबा आमच्यासाठीही यायचा. काकूंनाही नमस्कार सांगा.

गाडीवर मदत करणाऱ्यांची नावं लिहायची आहेत. तुमचं नाव शेपटीवर, डाव्या अंगाला घालतोय. नको म्हणू नका.

तुमची,
कॉलेजची पोरं