मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची मोजपट्टी

संपादक महोदय,

पॅथॉलॉजी लॅबमध्ये उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झाले, तरी आळीतले रिपोर्ट माझ्याकडे येतच असतात. परवा एक आजी बारा वर्षांच्या नातवाचा रिपोर्ट घेऊन आल्या. अल्कलाइन फॉस्फेटेज ३१०, पुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’. पोराचे लिव्हर बिघडले, असे घरात ठरूनही गेले होते. लिव्हरच्या बाकीच्या तपासण्या, बिलिरुबिन आणि एसजीपीटी, मात्र अगदी व्यवस्थित!

अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम यकृतात असते, तसेच हाडे घडवणाऱ्या पेशींतही असते. उंची वाढायच्या वयात ते मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट निघू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेमुळेही (प्लासेंटामुळे) वाढते. लॅबच्या संगणकात रुग्णाचे वय भरलेले असतेच. मग मर्यादा प्रौढांचीच का छापायची?

लिव्हरच्या तपासणीत असणाऱ्या एसजीओटी या एन्झाइमचीही तीच गत. १९५४ मध्ये अमेरिकेत लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते रक्तात वाढते हे दाखवले. आता त्यासाठी ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन तपासतात, आणि एसजीओटी दिसले की लोकांना फक्त लिव्हर आठवते. ते स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असते. रक्त घाईने ओढले, पेशी फुटल्या, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) लालसर झाले, की एसजीओटी, एलडीएच हे पेशींतले आणखी एक एन्झाइम, पोटॅशियम सगळेच फुगते. असा नमुना पुन्हा मागवावा. निदान तसा शेरा तरी रिपोर्टवर लिहावा. लॅबचालकांच्या संघटनांनी एवढे मनावर घ्यावे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा