टेलरमामा, ती तीन इंच माया

टेलरमामांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही मोबाईल वापरत नाही, आणि दुकानात येऊन तोंडावर आभार मानायला लागलं की "बस, चहा घे" म्हणत मशीन जोरात चालवता. म्हणून लिहितोय, तेही चारचौघांत. २०१९ च्या मे महिन्यात नेपाळहून परत आलो तेव्हा चर्चमध्ये शाल-श्रीफळ मिळालं ते आम्हा नऊ जणांना. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही. इथेही घेत नाही, कारण घेतलं तर नाताळात आमच्या गायनमंडळाचे झगे तुम्ही शिवणार नाही, एवढी तुमची ओळख मला आहे.

त्या फेब्रुवारीत मी कापडाचे तागे रिक्षात घालून बेळगावातल्या शहापूरला तुमच्या दुकानात आलो होतो. गोरखा जिल्ह्यातली डोंगरावरची शाळा, बासष्ट पोरं, निळा शर्ट, गडद निळी पँट नाहीतर स्कर्ट. मी म्हटलं, "मामा, पहिली ते पाचवी आहेत, इयत्तेप्रमाणे साइज धरा." तुम्ही चष्मा कपाळावर सारला. "इयत्तेला कंबर असते काय रे? माप आण, मग बेततो."

खरं सांगतो, तेव्हा राग आला. रेडिमेड घेतले असते तर बरं, असंही मनात आलं. तिथल्या बाईंना फोन लावला तर त्यांच्याकडे टेप नव्हती. त्यांनी नाडी लावून पोरं मोजली, नाडी फूटपट्टीवर धरली आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवले. आकडे देवनागरी, एकदोन वळणं आपल्याहून वेगळी. मी इंग्रजी माध्यमातला, तिथेच अडलो. तुम्ही मात्र पंचांग वाचावं तसं सगळं पान वाचलंत आणि एका ओळीवर थांबलात. "चौथीतला पोरगा आणि कंबर वीस? ह्याला आधी जेवायला घाला की, पँट मग."

अडीच महिने तुम्ही आणि वहिनी त्या गठ्ठ्याला लागलात. लग्नसराई होती, गिऱ्हाइकं दारात बोंबलत होती. प्रत्येक पँटला खाली तीन इंच आणि बाजूला एक इंच माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवलीत. "कापड वाया जातंय," मी म्हणालो. तुम्ही वरही बघितलं नाही. शिलाईचा विषय काढला तर म्हणालात, "काजं बाहेर करून घेतो, त्याचे तेवढे दे." गळ्यात तुळशीची माळ, आणि शर्ट चालले होते चर्चच्या गठ्ठ्यातून. ह्यात तुम्हाला काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, म्हणून लिहून ठेवतोय.

आता तुम्हाला न सांगितलेल्या गोष्टी.

पुण्याहून गोरखपूर, तिथून सोनौली. सीमेवर त्यांचा जकातवाला, त्याला तिकडे भन्सार म्हणतात, त्याने गठ्ठे उघडायला लावले. नवं कापड, एकशे चोवीस नग. विकायचा माल, म्हणाला. आमच्या खिशात पैसे होते तेही अडचणीचे, कारण शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट तिथे बंद झाली होती. तेवढ्यात त्याने एक शर्ट उलटा केला. कॉलरच्या आत टाचणीने लावलेली तुमची चिठ्ठी: पोराचं नाव, इयत्ता, कंबर. त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. पाचव्या चिठ्ठीनंतर म्हणाला, बांधा.

पुढे बुटवल, नारायणगढ, मुग्लिंग. रस्त्याभर सगळ्या पाट्या देवनागरीत. आपल्या बेळगावात पाटीच्या अक्षरांवरून रस्त्यावर उतरतात, आणि तिथे परमुलखात मी जीपमधल्या आमच्या कन्नड मंडळींना पाट्या वाचून दाखवत होतो. अर्थ निम्म्याच पाट्यांचा लागत होता, ते मात्र सांगितलं नाही.

तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी, चर्चही शनिवारीच भरतं. २५ एप्रिल २०१५ चा तो मोठा भूकंप शनिवारीच, दुपारी बाराच्या सुमाराला झाला. शाळा पडली तेव्हा वर्ग रिकामे होते म्हणून पोरं वाचली, आणि त्याच वेळी भरलेल्या चर्चमध्ये माणसं गेली. बाईंनी हे एका दमात सांगितलं आणि चहा ओतायला लागल्या. आम्ही काय बोलणार? शाळेच्या दोन खोल्या पक्क्या झाल्या होत्या, बाकी पत्र्याच्या. आम्ही पत्रे रंगवले, वाचनाचं कपाट लावलं. धर्माचं काही बोललो नाही. तिथल्या कायद्यात धर्मांतर करवण्याला बंदी आहे, आणि आम्ही शाळेसाठीच गेलो होतो.

रविवारी कपडे वाटले. तो वीस कंबरेचा पोरगा आठवतो ना? तीन महिन्यांत त्याची कंबर वाढली नव्हती, उंची वाढली होती. पँट घोट्याच्या वर. मी ओशाळलो. बाईंनी खालची शिवण उलटवून बघितली आणि बोटं मोजल्यासारखी आत घातली. "ह्याला तुमच्यात काय म्हणतात?" हिंदीत विचारलं. म्हटलं, माया. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई आल्या. त्यांच्या भाषेतही माया म्हणजे मायाच, फक्त कपड्यातली नव्हे. मग त्या दोघी एकेक पँट उलटवून "माया, माया" करत मोजायला लागल्या. त्या पोराची एक इंच तिथेच सोडली. दोन शिल्लक ठेवली.

२०२० च्या मार्चमध्ये त्यांच्याही शाळा बंद झाल्या. उघडल्यावर बाईंनी फोटो पाठवला. पोरं ताडमाड, कपडे तेच. पँटी खाली उसवून सोडलेल्या, आणि घोट्याजवळ प्रत्येकीवर गडद कापडाचा पट्टा, जिथे ऊन कधी लागलं नव्हतं. तो फोटो नातीकडे पाठवतोय, मोठा करून बघा.

एक कबुलीही द्यायची आहे. तुमची पिवळी टेप हरवली म्हणून तुम्ही वहिनींवर चिडला होता ना? ती शर्टांच्या गठ्ठ्यात गेली होती. बाईंच्या कपाटात आहे, दरवर्षी पोरांची उंची तिनेच मोजतात. मी परत मागितली नाही. नवी टेप घेऊन रविवारी येतो, चहा ठेवा.

तुमचा,
गायनमंडळातला बारीक आवाजाचा