मी टाईप केलेल्या त्या एका ओळीबद्दल

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर एक जाहीर नोटीस वाचली. 'आमची नोटरीसमोर फारकत झाली असून यापुढे उभयतांचा एकमेकांशी कसलाही संबंध राहिलेला नाही.' चार ओळी आणि खाली दोघांची नावे. पैसे भरून दिलेली नोटीस, आपण ती छापलीत, त्यात आपला दोष नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण असले कागद सत्तावीस वर्षे मी स्वतः टाईप केले आहेत.

देवगडला कचेरीबाहेर माझे टंकलेखनाचे टेबल होते. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, प्रतिज्ञापत्रे, आणि अधूनमधून नवरा-बायकोचा 'समजुतीचा करारनामा'. हे करारनामे गणपतीत आणि मे महिन्यात जास्त, कारण चाकरमानी तेव्हाच गावी येतात आणि घरातली भांडणे ओटीवर बसून तेव्हाच मिटवायची असतात.

2016 च्या गणपतीत, गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, असेच एक जोडपे आले. बरोबर सासरचे दोघे, मुलीचा मामा आणि वाडीतले एक वयस्कर गृहस्थ. शंभराचा स्टँपपेपर आणलेला. ठरले होते ते असे: तिने मुलाला घेऊन गावच्या घरातल्या दोन खोल्यांत राहायचे, नवऱ्याने मुंबईहून महिन्याला चार हजार पाठवायचे, घरामागच्या बारा हापूस कलमांचे उत्पन्न तिने घ्यायचे आणि पुढे कधीही पोटगीसाठी कोर्टात जायचे नाही. मी नेहमीच्या ओळी घातल्या. 'उभयता परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत.' शेवटी 'सदर करारनामा राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिला असे.' सही करताना ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "बाई, माका वाचूक येता, पण ह्या वाचान काय कळणा नाय." मी म्हटले, "सगळ्यांनी मिळान ठरवल्यानी हा, कर सही."

अकरा महिने पैसे आले, मग थांबले.

ती वकिलाकडे गेली तेव्हा आधी आंब्याच्या कलमांचे कळले. सातबाऱ्यावर सासरा आणि त्याचे तीन भाऊ, जमिनीचे वाटप झालेलेच नाही. नवऱ्याच्या नावावर काहीच नव्हते, तर त्याने लिहून दिलेली बारा कलमे तिला मिळणार कशी? कागद करताना सातबारा बघायचे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. मलाही नाही, आणि माझा तर तो रोजचा धंदा.

पोटगीचा अर्ज केला तेव्हा समोरच्या वकिलाने बोट ठेवले ते माझ्या ओळीवर. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्येच लिहिले आहे की, परस्पर संमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगी मागू शकत नाही. (1 जुलै 2024 पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले आहे. अट तीच.) तिची संमती कुठली? तिला घराबाहेर काढू नये म्हणून तिने मान डोलावली होती. मी मात्र सवयीने ती ओळ टाईप केली. ती खरी नाही हे साक्षीपुराव्याने दाखवून पोटगी मंजूर होईपर्यंत दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात तिने कोळंबी सोलायला जाऊन मुलाला शिकवले.

'कोर्टात जाणार नाही' ही अट मात्र तिच्या आड आली नाही. पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, ते सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पत्नीने आठ हजार रुपये एकरकमी घेऊन पुढे काही मागणार नाही असे कबूल केले होते. तरीही 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली तिला पोटगी मागता येते, असे न्यायालयाने सांगितले.

मग लग्नानंतर नवरा-बायकोने करार करूच नये का? करावा. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही, 1872 चा करार कायदाच लागतो: दोघांची मोकळी संमती हवी, हेतू कायदेशीर हवा आणि मोबदला, म्हणजे एकाने दिले तर बदल्यात दुसऱ्यानेही काही देणे, हवा. मोबदल्याचे महत्त्व मला एका वकीलबाईंनी 1900 सालचा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल सांगितला तेव्हा समजले. भांडणांना कंटाळून एका नवऱ्याने बायकोला वेगळे राहण्याचा खर्च देण्याचे लिहून दिले, दस्त रजिस्टरसुद्धा केला. मोबदल्याशिवाय केलेला करार टिकायचा तर तो जवळच्या नातलगांत, मायेपोटी आणि नोंदणी करून झालेला असावा लागतो. न्यायालय म्हणाले, कागदात जागोजागी भांडणाचाच उल्लेख आहे, माया कुठे आहे? करार टिकला नाही. ती बाई रिकाम्या हाताने परतली.

आज कोणी माझ्या टेबलाशी आले असते तर मी आधी सातबारा मागितला असता. जमीन किंवा घर बायकोला द्यायचे असेल तर बक्षीसपत्र करून, दोन साक्षीदार घेऊन ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि माणूस देऊ शकतो ते फक्त स्वतःच्या मालकीचे. पैशाचे ठरले असेल तर ते कोर्टात तडजोड म्हणून किंवा लोकअदालतीत नोंदवावे, म्हणजे पैसे थकल्यावर वसुलीला जाता येते. दोघांनी आपापला वेगळा वकील घ्यावा. मुलाचा ताबा कागदावर कोणाच्याही नावे लिहा, कोर्ट मुलाचे हित बघूनच ठरवते.

ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप लागतो, त्यामुळे कागद जास्त भक्कम झाला असे लोकांना वाटते. स्टँप हा सरकारचा कर आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे सही याच माणसाने केली एवढीच साक्ष. त्याने घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली तो कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. काही समाजांत काडीमोडाची रूढी आहे, कायदा ती मानतोही, पण ती सिद्ध करावी लागते. नोटरीच्या कागदावर विसंबून दुसरे लग्न केलेल्या तीन जणी मला ठाऊक आहेत. त्यांचे लग्न कायद्याने लग्नच नाही, हे त्यांना नवरा गेल्यावर, वारसाच्या नोंदीच्या वेळी कळले.

आपल्या जिल्ह्यातल्या मुली गोव्यात दिल्या जातात, त्यांच्यासाठी एक सांगते. तिथे मालमत्तेचा करार लग्नाआधीच रीतसर नोंदवावा लागतो, लग्नानंतर तो बदलता येत नाही. करार नसेल तर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क.

माझी विनंती एवढीच की, अशा नोटिशीखाली आपण दोन ओळी छापाव्यात: नोटरीच्या कागदाने घटस्फोट होत नाही, आणि कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. ही दुसरी ओळ 2016 मध्ये मलाही माहीत नव्हती.

आपली,
एक निवृत्त दस्तलेखिका, देवगड